धमनीचे माप आणि मुलाचे वजन

ढाणकीच्या अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजने होतात. सेविका आकडा नोंदवते, आता तो पोषण ट्रॅकरवरही भरते. 'साडेसात किलो' हा नुसता आकडा ऐकून मात्र ती बरे-वाईट काहीच बोलत नाही. मूल किती महिन्यांचे, हे ती आधी विचारते. सहा महिन्यांच्या बाळाचे साडेसात किलो वजन ठीक म्हणायचे. दोन वर्षांच्या मुलाचे तेवढेच वजन असेल, तर ते मूल तीव्र कमी वजनाचे आहे आणि त्याला तातडीने डॉक्टरांना दाखवायला हवे. आकडा एकच, पण तो कोणाचा यावर त्याचा अर्थ ठरतो.

लहान मुलांच्या हृदयाच्या टू-डी इकोबाबतही हेच खरे आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना कॉरोनरी धमन्या म्हणतात. तान्ह्या मुलात त्यांची रुंदी जेमतेम दीड-दोन मिलिमीटर असते. इकोच्या अहवालात त्यांचे माप मिलिमीटरमध्ये येते आणि पुढे 'नॉर्मल' असा शेरा असतो. हा शेरा मुलाचे वजन आणि उंची लक्षात घेऊन मारला आहे का, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. कावासाकी नावाच्या आजारात तर पुढचे उपचार आणि कधी कधी मुलाचे आयुष्यच त्यावर अवलंबून असते.

न उतरणारा ताप

जपानमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी 1961 मध्ये टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात चार वर्षांच्या एका मुलाला तपासले. ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, फुटलेले ओठ ही लक्षणे एकत्र होती, पण ती कोणत्याही ज्ञात आजारात बसत नव्हती. त्यानंतर तसेच रुग्ण येत गेले. 1967 मध्ये त्यांनी अशा 50 मुलांची माहिती जपानी भाषेत प्रसिद्ध केली. हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही, असे सुरुवातीला वाटले होते. पण यातली काही मुले ताप उतरल्यानंतर, बरी होत असताना अचानक दगावली. शवविच्छेदनात त्यांच्या कॉरोनरी धमन्यांना फुगवटे आलेले आणि त्यांत रक्ताच्या गुठळ्या झालेल्या आढळल्या.

आजाराचे कारण आजही नक्की सापडलेले नाही. काही कारणाने शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतींना सूज येते, एवढे कळले आहे. बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे असतात. जपानमध्ये या वयाच्या दर एक लाख मुलांमागे वर्षाला 300 हून अधिक रुग्ण आढळतात. भारतात हा आजार दुर्मिळ समजला जाई. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील बालरोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे त्याचा पाठपुरावा केला आणि तो शोधला तर सापडतो हे दाखवून दिले. 2020 नंतर कोविड होऊन गेलेल्या काही मुलांत याच्याशी मिळतीजुळती गुंतागुंत दिसली आणि महाराष्ट्रातल्या अनेक बालरोगतज्ज्ञांना कॉरोनरी धमन्यांची मापे नव्याने काढावी लागली.

पाच दिवस किंवा त्याहून अधिक ताप हे मुख्य लक्षण आहे. त्याच्या जोडीला पाच खुणा पाहतात. दोन्ही डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. ओठ लाल होऊन फुटतात, जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल आणि खरखरीत दिसते. अंगावर पुरळ उठते. हातापायांचे पंजे सुजतात, लाल होतात. मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरहून मोठी गाठ येते. पाचपैकी चार खुणा असल्या की निदान सोपे असते. एक वर्षाखालच्या बाळात मात्र दोन-तीनच खुणा दिसतात आणि धमन्यांना धोका याच वयात जास्त असतो. अशी बाळे विलक्षण किरकिरी होतात. काहींच्या दंडावरची बीसीजीच्या लसीची जागा लाल होऊन फुगते. बोटांच्या टोकांची साल निघणे ही ओळखीची खूण आहे, पण ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसते. तिची वाट पाहत बसले, तर उपचाराची वेळ निघून जाते.

उपचार म्हणजे शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन. ते मुलाच्या प्रत्येक किलो वजनामागे 2 ग्रॅम या प्रमाणात एकदाच, सावकाश देतात. 10 किलोच्या मुलाला 20 ग्रॅम लागते. औषध महाग आहे, पण ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत दिले, तर धमन्यांना फुगवटे येण्याचे प्रमाण पुष्कळ खाली येते. उपचार न मिळालेल्या मुलांत ते 15 ते 25 टक्के असते. वेळेवर उपचार मिळाल्यास ते पाच टक्क्यांच्या आसपास राहते.

तीन मिलिमीटरचा जुना नियम

धमनी फुगली आहे हे ठरवायचे कसे? जपानच्या आरोग्य मंत्रालयाच्या समितीने 1984 मध्ये त्यासाठी सोपा नियम घालून दिला. पाच वर्षांखालच्या मुलात धमनीची आतली रुंदी 3 मिलिमीटर किंवा अधिक, पाच वर्षांवरच्या मुलात 4 मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर ती असामान्य समजावी. शेजारच्या भागाच्या दीडपट रुंद असलेला भागही असामान्य मानावा. हा नियम लक्षात ठेवायला सोपा असल्याने जगभर वापरला गेला आणि अजूनही काही ठिकाणी डोक्यात पक्का बसलेला आहे.

त्यात एक अडचण होती. चार महिन्यांचे बाळ आणि साडेचार वर्षांचे मूल यांना तो एकाच मापाने मोजतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कावासाकीच्या रुग्णांची जुनी मापे मुलांच्या शरीराच्या आकारमानाशी ताडून पाहिली गेली. जुन्या नियमाने ज्यांच्या धमन्या 'नॉर्मल' ठरल्या होत्या, त्यांतल्या अनेकांच्या धमन्या त्यांच्या शरीराच्या मानाने मोठ्या निघाल्या. तेव्हापासून मिलिमीटरच्या जोडीला झेड स्कोअर पाहण्याची पद्धत रुजत गेली.

झेड स्कोअर म्हणजे काय?

झेड स्कोअर हा शब्द नवा वाटेल, पण ही कल्पना अंगणवाडीत रोज वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतल्या निरोगी मुलांची मोजमापे घेऊन 2006 मध्ये वाढीचे तक्ते तयार केले. उंचीच्या मानाने वजन उणे 3 च्या खाली असेल तर 'सॅम', उणे 2 ते उणे 3 च्या दरम्यान असेल तर 'मॅम', हे सेविकांना पाठ असते. हे उणे 2 आणि उणे 3 म्हणजेच झेड स्कोअर.

निरोगी मुलेसुद्धा एका साच्यातली नसतात. एकाच वजन-उंचीच्या शंभर निरोगी मुलांची धमनी मोजली, तर बहुतेकांची मापे सरासरीच्या जवळ येतात, थोड्यांची बरीच लहान किंवा मोठी. ही मापे सरासरीपासून साधारणपणे किती इकडेतिकडे होतात, ते सांगणाऱ्या आकड्याला प्रमाण विचलन म्हणतात. त्याला एक पाऊल समजू. मुलाचे माप सरासरीपासून किती पावले दूर आहे, तो त्याचा झेड स्कोअर. सरासरीएवढे माप असेल तर शून्य. एक पाऊल वर असेल तर अधिक 1, दोन पावले वर असेल तर अधिक 2. कुपोषणात आपण सरासरीच्या खाली किती पावले ते पाहतो, फुगलेल्या धमनीत वर किती पावले ते पाहतो.

धमनीसाठी सरासरी काढताना वयाऐवजी शरीराचे पृष्ठफळ वापरतात. ते वजन आणि उंची यांवरून निघते. सेंटिमीटरमधली उंची आणि किलोमधले वजन यांचा गुणाकार करायचा, त्याला 3600 ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. उत्तर चौरस मीटरमध्ये येते.

आता एक उदाहरण पाहू. डाव्या कॉरोनरी धमनीची हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी एक मुख्य शाखा असते. समजा, दोन मुलांत तिची रुंदी 2.6 मिलिमीटर भरली. पहिले मूल वर्षाचे, वजन 10 किलो, उंची 76 सेंटिमीटर. त्याचे पृष्ठफळ 0.46 चौरस मीटर येते. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील तज्ज्ञांच्या सूत्राप्रमाणे एवढ्या मुलात या शाखेची सरासरी रुंदी सुमारे 1.66 मिलिमीटर आणि एक पाऊल 0.24 मिलिमीटर असते. 2.6 मधून 1.66 वजा केले की 0.94 उरतात आणि त्यात जवळपास चार पावले बसतात. म्हणजे झेड स्कोअर 4 च्या आसपास.

दुसरा मुलगा बारा वर्षांचा, वजन 36 किलो, उंची 144 सेंटिमीटर. पृष्ठफळ 1.2 चौरस मीटर. त्याच्यासाठी सरासरी 2.5 मिलिमीटर आणि एक पाऊल 0.39 मिलिमीटर. त्याचा झेड स्कोअर 0.2, म्हणजे अगदी सरासरीलगत.

दोघांच्याही अहवालात 2.6 मिलिमीटर हाच आकडा असेल. तीन मिलिमीटरच्या जुन्या नियमाने दोघेही 'नॉर्मल' ठरतील. प्रत्यक्षात मोठ्या मुलाची धमनी ठणठणीत आहे आणि वर्षाच्या बाळाच्या धमनीला फुगवटा आला आहे.

कोणत्या आकड्याला काय करायचे?

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत झेड स्कोअरप्रमाणे पायऱ्या ठरवल्या आहेत. 2 च्या खाली असेल तर धमनी सामान्य. 2 ते 2.5 च्या आत असेल तर नुसती रुंदावलेली. 2.5 पासून 5 च्या आत असेल तर लहान फुगवटा, 5 पासून 10 च्या आत असेल तर मध्यम. 10 किंवा त्याहून अधिक स्कोअर असेल, किंवा प्रत्यक्ष रुंदी 8 मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर तो महाकाय फुगवटा. शेवटच्या पायरीवर मिलिमीटर पुन्हा महत्त्वाचे ठरतात, कारण एवढ्या रुंद भागात रक्त संथ होते आणि गुठळीचा धोका मूल लहान असो वा मोठे, कायम राहतो.

या पायऱ्यांवर औषधे ठरतात. धमन्या सामान्य राहिल्या तर कमी मात्रेतले अ‍ॅस्पिरिन साधारण चार ते सहा आठवड्यांनी बंद करता येते. फुगवटा असेल तर ते पुढे चालू ठेवतात. महाकाय फुगवट्यात रक्त पातळ ठेवणारे आणखी औषध लागते, आणि अशा रुग्णावर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते. तरुणपणी आलेल्या काही हृदयविकाराच्या झटक्यांमागे बालपणी न ओळखलेला कावासाकी असतो.

झेड स्कोअर एकट्याने निदान करत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. अगदी निरोगी शंभर मुलांतही दोघा-तिघांचा स्कोअर 2 च्या वर असतो. दुसऱ्या कुठल्याही तापात धमन्या किंचित रुंदावू शकतात, पण सहसा 2 च्या आत राहतात. उलट, पहिल्या इकोत स्कोअर 1.6 असेल आणि काही आठवड्यांनी तो 0.5 वर आला, तर पहिल्या वेळी धमनी त्या मुलापुरती रुंदावलेली होती असे समजतात. म्हणून एकाच इकोवर थांबत नाहीत. निदानाच्या वेळी, उपचारानंतर एक ते दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार ते सहा आठवड्यांनी इको करतात. पहिला इको सामान्य आला म्हणून कावासाकी नाही असे म्हणता येत नाही, कारण फुगवटे बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून पुढे दिसू लागतात.

चूक नेमकी कुठे होते?

धमनीचे माप इकोच्या पडद्यावर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत घेतात. बाळ रडत असेल, हलत असेल, तर कर्सर केसभर इकडेतिकडे होतोच. वर्षाच्या बाळात फक्त 0.1 मिलिमीटरच्या फरकाने झेड स्कोअर 0.4 ने बदलतो. म्हणून बाळ शांत झोपलेले असणे, लहान मुलांसाठीचा प्रोब असणे आणि लहान मुलांच्या इकोचा सराव असलेली व्यक्ती असणे, या तिन्ही गोष्टींना मोल आहे.

दुसरी चूक मशिनपर्यंत पोहोचण्याआधीच होते. ती म्हणजे अंदाजाने सांगितलेले वजन. समजा, एका कमी वजनाच्या बाळाच्या त्याच शाखेचे माप 2.1 मिलिमीटर आले. बाळाचे खरे वजन साडेसात किलो आणि उंची 72 सेंटिमीटर आहे. या आकड्यांनी झेड स्कोअर 2.5 येतो, म्हणजे लहान फुगवट्याच्या उंबरठ्यावर. पण घाईत कोणी वजन न करता 'वर्षाचे मूल आहे, दहा किलो असेल, उंची 76 धरा' असे म्हटले, तर त्याच 2.1 मिलिमीटरचा स्कोअर 1.85 निघतो आणि अहवालात 'नॉर्मल' लिहिले जाते. मशीन तेच, माप तेच, फक्त वजन-उंची कल्पनेतली. आपल्याकडे वयाच्या मानाने कमी वजनाची मुले बरीच आहेत, त्यामुळे पुस्तकातले सरासरी वजन धरून चालण्याची सवय इथे जास्त महागात पडते.

तिसरी चूक तुलनेत होते. झेड स्कोअर काढायची सूत्रे एकापेक्षा जास्त आहेत. बॉस्टनचे आहे, माँट्रियलचे आहे, जपानी मुलांच्या मोजमापांवरून केलेले आहे. एकच माप दोन सूत्रांत घातले तर उत्तरे थोडी वेगळी येतात. पहिला इको एका गावी एका सूत्राने आणि दुसरा दुसऱ्या गावी दुसऱ्या सूत्राने झाला, तर धमनी सुधारली की फक्त सूत्र बदलले हे कळणार नाही.

मूल वाढते, हेही विसरता कामा नये. वर्षाच्या त्या 10 किलोच्या बाळात 3 मिलिमीटरच्या धमनीचा स्कोअर साधारण 5.6 असतो. तेच मूल 17 किलोचे आणि 104 सेंटिमीटरचे झाले आणि धमनी 3 मिलिमीटरच राहिली, तर स्कोअर 3.5 वर येतो. धमनी आकसलेली नाही, मूल मोठे झाले आहे. म्हणून पाठपुराव्यात मिलिमीटर आणि झेड स्कोअर, दोन्ही शेजारी लिहिलेले हवेत. बहुतेक लहान फुगवटे वर्ष-दोन वर्षांत आतून भरून सामान्य रुंदीचे होतात, पण ते झाले की नाही, हे दोन्ही आकडे असले तरच सांगता येते.

ढाणकीतून निघताना

ढाणकी हे उमरखेड तालुक्यातले बाजाराचे गाव. आसपासच्या खेड्यांतले लोक उपचारासाठी आधी इथे येतात, मग उमरखेडला जातात. लहान मुलांच्या हृदयाचा इको करायचा तर पुढे जावे लागते. जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ढाणकीहून नांदेड जवळ पडते आणि तिथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हृदयरोगाच्या खास उपचारांसाठी काहींना नागपूर गाठावे लागते. या प्रत्येक टप्प्यावर दिवस जातात, आणि दहा दिवसांची मुदत ताप आला त्या दिवसापासून मोजायची असते.

पावसाळ्यात आणि त्यानंतर इथे तापाचे रुग्ण वाढतात. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड यांचा संशय आधी येतो आणि तो योग्यच आहे. पण प्रतिजैविके सुरू असूनही पाचव्या दिवशी ताप तसाच असेल आणि डोळे, ओठ, पुरळ, पंजे, मानेतली गाठ यांपैकी काहीही दिसत असेल, तर कावासाकीचा विचार बोलून दाखवायला हवा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सात दिवस ताप असेल आणि कारण सापडत नसेल, तर बाकी खुणा नसल्या तरी रक्ततपासणी आणि इको करून घ्यावा. पुरळ येऊन गेले असेल तर ते कोणत्या दिवशी आले ते सांगावे. मोबाइलवर फोटो असेल तर दाखवावा. या आजाराच्या खुणा एकाच दिवशी एकत्र दिसतीलच असे नाही, त्या येतात आणि जातात.

निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत मुलाचे वजन आणि उंची त्याच दिवशी मोजून घ्यावी, कागदावर तारखेसह लिहून घ्यावी. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून मोजतात. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावे. इको झाल्यावर अहवालात पाच गोष्टी आहेत का ते पाहावे: वजन, उंची, प्रत्येक धमनीचे मिलिमीटरमधले माप, तिचा झेड स्कोअर आणि तो कोणत्या सूत्राने काढला त्याचे नाव. नसतील तर नम्रपणे विचारावे. वजन-उंची दिली की ही आकडेमोड मोबाइलवरही मिनिटभरात होते.

उपचारानंतर घरी आलेल्या मुलाबाबत आशाताई आणि परिचारिकांना दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. इम्युनोग्लोब्युलिन मिळाल्यानंतर गोवर-रुबेलाची लस साधारण 11 महिने पुढे ढकलावी लागते. तोपर्यंत ती दिली तरी नीट लागू पडत नाही. गावात गोवराची साथ असेल, तर डॉक्टरांना विचारून वेगळा निर्णय होऊ शकतो. आणि अ‍ॅस्पिरिन सुरू असताना मुलाला कांजिण्या किंवा फ्लू झाला, तर लगेच कळवावे, कारण त्या काळात अ‍ॅस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला इजा करणारी दुर्मिळ पण गंभीर गुंतागुंत होऊ शकते. डॉक्टरांना न विचारता औषध बंदही करू नये आणि दुसऱ्या कुठल्या तापात घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊही नये.

इकोचे सगळे अहवाल तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये ठेवावेत आणि ती फाइल मूल मोठे झाल्यावर त्याच्या हाती द्यावी. पंचवीस-तिशीत छातीत दुखले आणि तो वेगळ्या शहरात असला, तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वर्षातली ही मापे दुसरीकडून कुठूनही मिळणार नाहीत.